सखाहरी बायकोला अडवतो

उसाच्या मळ्यांत दडलेल्या एका गावात सखाहरी नावाचा एक भोळा गुळव्या होता. काहिलीतला गूळ कधी उतरवायचा, हे त्याला नुसत्या वासावरून कळायचं. माणसाच्या मनातलं मात्र सांगितल्याशिवाय कळायचं नाही, आणि सांगितलं की भलतंच कळायचं.

एक दिवस त्याची बायको हौसा रुसली. पिशवी भरून म्हणाली, "मी चालले माहेरी!"

आता अशा वेळी नवऱ्यानं काय करायचं असतं? सखाहरीनं पिशवी उचलली, हौसाला एसटीत खिडकीजवळची जागा धरून दिली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला.

हौसानं माहेरी जाऊन थेट घटस्फोटाचा अर्ज ठोकला.

सखाहरीच्या तोंडचं पाणी पळालं. हौसाशिवाय त्याला घर खायला उठलं होतं. गुळाची ढेप काखेत मारून तो तालुक्याच्या वकीलबाईंकडे गेला.

"तुम्हाला काय हवंय?"

"हौसा."

"मग कोर्टात तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते मी बोलेन."

"बरं."

कोर्टानं आधी नवराबायकोला समुपदेशकाकडे धाडलं. वकीलबाई बाहेर थांबल्या. समुपदेशकानं विचारलं, "बायकोला नांदवायचंय ना?"

सखाहरी गप्प.

"नाही नांदवायचं?"

सखाहरी गप्प.

"अहो, काहीतरी बोला की!" हौसा म्हणाली. सखाहरीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. हौसा डोळ्याला पदर लावून बाहेर पडली.

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, असं कुणी विचारलं की मनातलं सगळं सांगून टाकायचं!"

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

सखाहरीनं सगळं सांगितलं. सकाळपासून पोट गुडगुडतंय. साहेब हुबेहूब आमच्या चुलत्यासारखे दिसतात, तो फार लबाड होता. हौसाच्या आमटीत मीठ जास्त पडतं. सासूबाई घोरतात. मागच्या बाकावर बसलेल्या सासूबाई ताडकन उठल्या, त्यांना हौसानं धरून खाली बसवलं. मला हौसा हवी, हेही सखाहरी सांगणारच होता. पण तोवर साहेबांनी पुढची तारीख दिली.

"अहो, साहेबांपुढं नमतं घ्यायचं!" वकीलबाई करवादल्या. "चूक झाली, माफ करा, पुन्हा असं करणार नाही, एवढंच म्हणायचं."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या वेळी साहेबांनी चष्मा पुसत विचारलं, "या हौसाबाईंशी तुम्ही राजीखुशीनं लग्न केलंत ना?"

सखाहरीनं हात जोडले. "चूक झाली, साहेब. माफ करा. पुन्हा असं करणार नाही."

शिपायाला हसू आवरेना. हौसाला रडू आवरेना.

वकीलबाई मेटाकुटीला आल्या. सखाहरीला व्हरांड्यात बसवून त्यांनी विचारलं, "पण मुळात ती गेलीच का?" सखाहरीनं पिशवीची, एसटीची, खिडकीजवळच्या जागेची सगळी हकीकत मोठ्या अभिमानानं सांगितली. वकीलबाईंनी हातातली फाईल मिटली.

"अहो भल्या माणसा, तिला अडवायचं होतं! बायको पिशवी घेऊन एसटीकडे निघाली की आडवं पडायचं. काही झालं तरी जाऊ द्यायचं नाही!"

"असं असतं होय?" सखाहरीचे डोळे भरून आले. "मला वाटलं, तिला खिडकी आवडते."

खांबाआड उभ्या असलेल्या हौसानं ते ऐकलं आणि तिचा राग तिथंच उतरला. खिडकी तिला खरंच आवडायची. तिनं अर्ज मागे घेतला. म्हणाली, "रविवारी न्यायला या. मी पिशवी भरून ठेवते. आपण आपल्या घरी जाऊ."

रविवारी सखाहरी सासुरवाडीच्या फाट्यावर उतरला. समोर परतीची एसटी उभी. हौसा नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन, दोघांची जागा धरायला पायरीवर पाय ठेवत होती.

बायको. पिशवी. एसटी.

या वेळी मात्र सखाहरी चुकणार नव्हता. तो धावत जाऊन गाडीपुढं रस्त्यात आडवा पडला. "जीव गेला तरी जाऊ देणार नाही!"

"अहो, मी आपल्याच घरी निघालेय!"

"कुठं का निघंनास! जाऊ देणार नाही!"

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कंडक्टरनं पाय धरून ओढलं. उतारूंनी शिव्या घातल्या. सखाहरी काही हलला नाही. शेवटी हौसाच पिशवी घेऊन खाली उतरली. ती लाजून लाल झाली होती. इतका जीव टाकून तिला आजवर कुणी अडवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. हौसा रोज पिशवी भरते आणि सखाहरी रोज रस्त्यात आडवा पडतो. मग दोघं हसत हसत सासूबाईंच्या घरी येऊन जेवतात. आमटीत मीठ किती आहे, हे सखाहरी मनापासून सांगतो. रात्री कोण किती घोरलं, हेही सकाळी सांगतो.

परवा वकीलबाईंच्या पायऱ्या चढून सासूबाई आल्या. काखेत गुळाची ढेप होती.

"घटस्फोट हवाय, बाई."

"आता परत काय झालं हौसाला?"

"तिला काय धाड भरलीय? ती खुशीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "मला हवाय. जावयापासून."