बिनचेहऱ्याची बाई

"भीती गेली, हे तुला कसं कळलं?"

भंते सुमनतिस्स फाटलेल्या चिवराला टाके घालत होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं.

अश्वजित जणू याच प्रश्नाची वाट पाहत होता. चांगली नोकरी सोडून, डोकं तासून तो टेकडीवरच्या या विहारात येऊन राहिला होता. त्याला श्रामणेराची दीक्षा हवी होती, आणि भंते काही केल्या हो म्हणत नव्हते.

त्याने पिशवीतून हातात मावेल एवढा गेमचा कन्सोल काढला.

"भंते, भुताखेतांचे गेम खेळताना माझे मित्र किंचाळतात. मी ते अंधारात, एकट्याने, कानाला हेडफोन लावून संपवलेत. छाती साधी धडधडतसुद्धा नाही."

"सगळे संपवलेस?"

"एक सोडून..." तो जरा अडखळला. "हाच. एक ओसाड बंगला आहे. कोडी सोडवत एकेक खोली उघडायची. शेवटच्या खोलीत बिनचेहऱ्याची एक बाई येते. तिथून पुढची वाट काही सापडत नाही. पण ते कोडंच अवघड आहे. भीतीचा संबंध नाही."

भंतेंनी सुई चिवरात खोवली आणि हात पुढे केला.

"दे बघू."

अश्वजितला हसू आलं. शेवटच्या खोलीचं दार उघडून त्याने कन्सोल त्यांच्या हातात ठेवला.

"याने चालायचं. याने कंदील वर धरायचा. बाकीचं लागेल तसं सांगतो."

भंते निघाले. भिंतींना धडकत, खुर्च्यांना अडखळत खोलीच्या मध्यावर आले. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मग कोपऱ्यातली सावली हलली, आणि...

"अरे बाप रे!"

भंते एवढ्यांदा ओरडले की बाहेर पत्र्यावर बसलेली कबुतरं भर्रकन उडाली. त्यांच्या कपाळावर घाम आला. कन्सोल मात्र त्यांनी सोडला नाही.

बाई जवळ आली. आणखी जवळ. पडदाभर तीच झाली...

इतक्या जवळून अश्वजितने तिला कधी पाहिलं नव्हतं.

ती क्षणभर थांबली. मग बाजूने पुढे गेली आणि समोरच्या भिंतीवर तळहात टेकवून उभी राहिली. गिलावा ढासळला. आत खाली उतरणाऱ्या पायऱ्या दिसल्या.

अश्वजित बघतच राहिला. याच खोलीत त्याने कित्येक महिने काढले होते. फरशीवरच्या खुणा, घड्याळाचे काटे, तसबिरींचे क्रम, सगळं लावून पाहिलं होतं.

भंतेंनी कन्सोल परत दिला. तो घेताना अश्वजितचा अंगठा सवयीने एका बटणावर गेला. त्यावरचं अक्षर केव्हाच झिजून गेलं होतं.

"भंते, तुम्ही तर घाबरलात!"

"खूप."

"मग पळाला का नाहीत?"

भंतेंनी चष्मा काढला, चिवराच्या टोकाने काचा पुसल्या आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"यात पळायचंही बटण आहे?"