पलीकडच्या वारुळाचं उत्तर

फार पूर्वी एका माळावरची दोन वारुळं लांब भुयारानं जोडलेली होती. अलीकडच्या मुंग्या जादा दाणे भुयारात ढकलून विचारत, "पोचलं का?" पलीकडून लगेच उत्तर येई, "पोचलं."

अलीकडं जागा अपुरी पडू लागली, तेव्हा अंडीही पलीकडं पाठवायचं ठरलं. भागीआत्या या म्हाताऱ्या मुंगीला मात्र राहवेना. "आधी मी बघून येते," म्हणत ती भुयारात शिरली.

पलीकडं एकही मुंगी नव्हती. बुरशी आलेल्या दाण्यांच्या ढिगावर एक आंधळा रातकिडा बसला होता.

"इथल्या मुंग्या कुठं आहेत?" आत्यानं विचारलं.

"त्या कधीच मेल्या. कुणी विचारलं की 'पोचलं' म्हणायचं, एवढंच त्यांनी मला सांगून ठेवलंय."

तेवढ्यात मागून, तिची वाट न बघताच ढकललेली अंडी घरंगळत येण्याचा आवाज आला. आत्या भुयारात धावली, अंड्यांसमोर आडवी पडली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "थांबा! इथं घ्यायला कुणीच नाही!"