पिशव्यांची पिशवी

प्लॅस्टिक घरात नुकतंच शिरलं होतं, तेव्हाची गोष्ट. आबांच्या जुन्या पँटची एक पिशवी शिवली गेली. आता रोज बाजार बघायला मिळणार, म्हणून ती खुशीत खिळ्याला लटकली. पण आई रोज भाजीबरोबर प्लॅस्टिकची नवी पिशवी आणायची आणि "असू दे, लागेल" म्हणत हिच्या पोटात कोंबायची.

"मावशी, बाजारात काय मज्जा आली म्हणून सांगू!" आतल्या पिशव्या खिदळायच्या.

एक दिवस मावशीचं डोकं फिरलं. तिनं खिळा सोडला आणि सगळ्यांना जमिनीवर ओकून टाकलं.

"आई, बाजारात हीच नेऊ या ना!" धाकटी मुक्ता म्हणाली.

"अगं, मग या सगळ्या ठेवायच्या कशात?"

तोवर मुक्ता पिशवी घेऊन पळालीसुद्धा. मावशी मेथी-मुळा पोटात घेऊन ऐटीत परतली. त्या दिवशी आईकडे कोंबायला नवी पिशवीच नव्हती.