दोन वराती, एक चौक

वडिलांच्या बँडच्या नावावरून धाकट्या निवृत्तीनं तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. थोरल्या हैबतरावानं त्याच भांडणाचा दुसरा दावा जिल्ह्याला ठोकला. हेलपाटे घालून निवृत्ती मेटाकुटीला आला.

"आमच्या दाव्यातली मागणी वेगळी आहे, दावा थांबवायचं कलम इथं लागूच होत नाही!" हैबतरावाचे वकील जिल्ह्याच्या कोर्टात गरजले.

निवृत्ती म्हणाला, "साहेब, दोन वराती एका चौकात आल्या की एक बँड आपणहून थांबतो. त्याला कुठलं कलम लागतं?"

न्यायाधीश हसले. "पण थांबायचं कुणी?"

"ज्याला सूर कळतो त्यानं. दादानंच शिकवलंय."

कोर्टानं आपल्या अंगभूत अधिकारात दुसरा दावा थांबवला. हैबतरावाची मान खाली गेली. ती बघून निवृत्तीला वाटलं, सूर तर मलाही कळत होता. मग पहिला दावा मीच का लावला?