मोरीच्या तोंडाशी बसलेले आबा

सोनंचांदी गाळण्यात उभा जन्म घालवलेले एक वृद्ध कारागीर होते, ज्ञानू आबा. आपल्या विट्याकडची माणसं या गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगली, तसे तेही दूर दक्षिणेत एका गावी स्थिरावले. त्यांच्या हाताखाली सहा वर्षं शिकलेल्या संपतला आता दुसऱ्या गावी स्वतःचं दुकान टाकायचं होतं, बायकोलेकरांना जवळ आणायचं होतं. सगळं अडलं होतं आबांच्या एका शब्दावर. त्यांनी शिफारस केल्याशिवाय त्या मुलखातला सराफ नव्या माणसाच्या हाती गुंजभर सोनं देत नसे.

एक काम एकट्यानं करून दाखव, मग बघू, असं आबा म्हणाले.

संपतनं कुठे बोट ठेवायला जागा सोडली नाही. आधी पाणी घेतलं, मग त्यात बेताबेतानं तेजाब सोडलं. उलटं केलं तर ते उसळून डोळे जातात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भांडं धुराड्याखाली ठेवून सोनं-चांदी मिसळलेले पातळ तुकडे थोडेथोडे टाकले. तांबडा धूर वर निघून गेला, चांदी विरघळली, सोनं तळाशी राहिलं. ते काढून घेऊन त्यानं उरलेल्या तेजाबात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या, तशी चांदीही खाली बसली. वर राहिलं निळंशार पाणी. संपत मनातल्या मनात मांडे खात ते पाणी बादलीत घेऊन मोरीकडे निघाला.

मोरीच्या तोंडाशीच आबा पाट टाकून बसले होते.

"ओत," ते म्हणाले.

म्हाताऱ्याला चळ लागला की काय, संपतला कळेना. पायावर सांडलं तर कातडी सोलून निघेल, उठा, असं त्यानं परोपरीनं विनवलं. आबा ढिम्म हलले नाहीत.

"मी दिसतोय म्हणून थांबलास. ही मोरी खालच्या आळीत उघडी वाहते. तिथं बायका भांडी घासतात, पोरं अनवाणी हिंडतात. ती दिसत नाहीत म्हणून ओतणार होतास?"

मग त्यांनी चिमट्यात एक लोखंडी खिळा धरून बादलीत बुडवला. बघता बघता त्यावर तांब्याचा लाल थर चढला.

"पट्ट्यांतलं तांबं यातच आहे बघ. विरघळलं म्हणजे गेलं असं नसतं, बाबा. चांदी आपल्याला हवी होती, म्हणून ती खाली बसेपर्यंत दम धरलास. नकोशा वस्तूसाठी मात्र तुझ्याकडे दम नाही."

संपत मनातून ओशाळला. त्यानं बादलीत मोडीचं लोखंड टाकलं, तांबं बसू दिलं, चुना घालून तेजाबाचा जोर मारला आणि तळचा गाळ भरून ठेवला. यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आबांनी सराफांकडे निरोप धाडला.

नव्या गावी दलाल त्याला दुकानाची जागा दाखवायला आला. संपत म्हणाला, जागा मागाहून पाहू. आणि मागच्या गटाराच्या कडेकडेनं तो चालत सुटला, त्या पाण्याच्या शेवटी कोण राहतं ते पाहायला.