पुढचा हातभर

“मग याहून मजबूत दोरी कुठली आणू, बाबा?”

दुर्गाप्पा हातातल्या बांबूनं पाणी चाचपत होते. उभं आयुष्य त्यांनी याच खाणीत दगड फोडले होते. आता खाण पाण्यानं भरली होती, पाण्यात मरळ मासे माजले होते, आणि गळ टाकायला शिकणारे लांबून त्यांच्याकडे येत.

विचारणारा निनाद कुलथे शहरातला इंजिनिअर होता. त्याच्या रिळावर बारीक विणीची दोरी होती. तिला वीस किलो लटकवले तरी तुटत नाही, असं तो भेटेल त्याला सांगे.

तरी तीन मरळी ती तोडून गेल्या होत्या.

दुर्गाप्पांनी कपारीशी तरंगणारं काहीतरी बांबूनं ओढून घेतलं. मेलेली मरळ. जबड्यात लाल रंगाचा, गळ लावलेला खोटा मासा रुतलेला.

“तुझाच ना?”

“...हो.”

“तोंड मिटता आलं नाही तिला. उपाशी मेली.”

निनादनं मान वळवली. मग म्हणाला, “दोरी कमी पडली. तीस किलोची आणतो.”

दुर्गाप्पांनी त्याच्या दोरीचं टोक पंजाला रुमाल गुंडाळून धरलं.

“ओढ.”

निनादनं सगळी ताकद लावली. दोरी तुटली नाही. त्याचा चेहरा खुलला.

“अशीच धर.”

दुर्गाप्पांनी ताणलेली दोरी दगडाच्या धारेवर टेकवली. एकदा घासली... दुसऱ्यांदा घासताच ती तुटली. निनाद मागच्या मागे बसला.

मग त्यांनी खिशातून जाड तंगुसाचा, म्हणजे एकसंध नायलॉन धाग्याचा, तुकडा काढला. तीच धार. दहा वेळा घासला. ओरखडे उठले, पण तुकडा टिकला.

“मग रीळभर तंगूसच भरतो!”

“एवढा जाड तंगूस फेकला तर लांब जाईल?”

“...नाही.”

दुर्गाप्पांनी तंगुसाचं भेंडोळं त्याच्यासमोर ठेवलं.

बऱ्याच वेळानं निनादनं आपल्या दोरीच्या टोकाला हातभर नवा तंगूस जोडला. गाठ थुंकीनं ओली करून आवळली. तंगुसाच्या पुढे खोटा मासा बांधला. दुर्गाप्पांनी गाठ ओढून पाहिली आणि परत दिली.

तिसऱ्या फेकीला काठी वाकली. मरळ थेट दगडाखाली घुसली. तंगूस धारेवर खरखरताना निनादला हातात कळत होता. त्यानं ताण सोडला नाही. मरळ हळूहळू काठाला आली.

दुर्गाप्पांनी गळ सोडवला. निनादनं मरळ दोन्ही हातांनी पाण्यात धरली. शेपटी मारून ती निघून गेली.

“जमलं, बाबा!” तो लगेच पुन्हा फेकायला उठला.

दुर्गाप्पांनी त्याला थांबवलं. तंगुसावरून नख फिरवलं; ते ओरखड्यांत अडकलं आणि त्यांनी चाकूनं तो हातभर तुकडा कापून टाकला.

“अहो, यानंच तर मरळ आणली!”

“म्हणून तर कापला.”