बांधासकट दिलेली जमीन

एकदा एक शिष्य आपली वडिलोपार्जित शेतजमीन गुरूंना दान करायला निघाला. जमीन त्याच्या एकट्याच्या नावावर होती आणि तिचे काय करावे, हा घोर त्याला वर्षभर लागला होता. विकायचे मनात येत नव्हते, वाट्याने लावली तर कसणारा टिकत नव्हता, आणि स्वतः कसायला जावे तर पलीकडच्या येसबाचे तोंड पाहावे लागे. येसबाने नांगरता नांगरता मधला बांध कोरून हातभर रान आपल्याकडे ओढले, असे शिष्याचे म्हणणे. येसबाचे म्हणणे नेमके उलटे. दोघांचेही नांगर दर हंगामात बांधाला थोडे थोडे खात होते आणि बांध बिचारा वाळत चालला होता.

शेवटी शिष्याने दान करायचे ठरवले. ठरवताच त्याला इतके हलके वाटले की आपला मोह सुटला, अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली. वृद्ध गुरू नको म्हणाले नाहीत. "चल, रानातच उदक सोड," एवढेच बोलले. शिष्याने शेतात उभे राहून त्यांच्या हातावर पाणी सोडले आणि जमीन दिली.

गुरूंनी ओला हात उपरण्याला पुसला आणि पलीकडे औत हाकणाऱ्या येसबाला हाक मारली.

"येसबा, तुझ्या मते हद्द कुठं?"

येसबाने आधी शिष्याकडे संशयाने पाहिले. मग बांध ओलांडून आत आला आणि पायाने रेघ ओढली. "हितं. माझा बा असता तर त्यानंबी हितंच दावलं असतं."

"मग हद्दीचा दगड उचल आणि तिथं रोव."

येसबाने दगडाला हात घातला मात्र, शिष्य आडवा आला. "हात लावू नका. माझ्या आजोबांनी रोवलाय तो."

उदक पडलेली माती शिष्याच्या पायाशी अजून ओली होती. त्याचे तिच्याकडे लक्ष गेले आणि तो शरमून बाजूला झाला.

"जमीन तुला हवीच आहे," गुरू म्हणाले. "नको आहे ते हे भांडण. ते तुझ्यानं मिटेना, म्हणून जमिनीत गुंडाळून तू ते माझ्या पदरात घालत होतास. त्याला त्याग म्हणू नये. जमीन वीक, वाट्यानं लाव, दान कर, नाहीतर स्वतः कस. तुझी आहे, तुझी मर्जी. पण मनात हा राग असेतो मालक तू आणि निर्णय येसबाचा, असंच चालायचं."

"पण बाबा, उदक तर सोडलं."

"दान मला पोचलं. आता प्रसाद म्हणून मी ते तुला परत देतो. फक्त हद्द मी मालक असताना दिली, ती दिली."

हातभर रान गेल्याचे शिष्याला वाईट वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी वाकून त्याने दगडाची दुसरी बाजू धरली.

"एकट्याला उचलायचा नाही तो," तो येसबाला म्हणाला.

दोघे दगड घेऊन निघाले. रेघ अजून पुढे होती, तोच येसबा थांबला.

"हितंच ठिवू," तो म्हणाला. "तितवर न्यायची गरज न्हाई."

दगड तिथेच रोवला गेला. त्या हंगामात शिष्याने रान स्वतः पेरले. औताला एक बैल त्याचा होता आणि दुसरा येसबाचा.